सुरूच्या झाडावरची पाटी

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला खोडरबरावर बंदी होती. रंगारी सर वर्गात आले की टेबलावर बिस्किटाचा रिकामा डबा ठेवायचे आणि पोरं आपापले खोडरबर त्यात टाकायची. तास संपला की ज्याचं त्यानं परत घ्यायचं. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची, एवढाच त्यांचा नियम. एखादं पोरगं रडकुंडीला येऊन म्हणालं की सर, माझं खराब झालं, तर ते कागद हातात घेऊन बराच वेळ पाहायचे आणि म्हणायचे, "खराब कायचं झालं? तू घाईनं पाहून राहिला होतास, एवढंच."

मी विज्ञान शिकवायचो. माझ्या तासाला खोडरबर चालायचा, शिवाय मी प्रयोग दाखवायचो, नोट्स लिहून द्यायचो, परीक्षेला काय येणार तेही सांगायचो. तरी मधल्या सुट्टीत पोरं चित्रकलेच्या खोलीकडेच पळायची. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. तेव्हा हे कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आता लिहून टाकायला हरकत नाही.

मी १९९९ च्या जूनमध्ये शाळेत लागलो. गोंदियापासून बारा किलोमीटरवरचं गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मध्ये कौलारू शाळा. मी बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन, आणि वरून बी.एड. गावात मला शिकवायला मिळाली नववी-दहावी, त्यातलं जीवशास्त्रही माझ्याच गळ्यात पडलं. मी गोंदिया शहरात वाढलेला. घरापुढं एक तुळस सोडली तर झाडांशी माझा संबंध पुस्तकातूनच आला होता. पण शिकवायला पुस्तक पुरतं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

रंगारी सर मुर्रीचे. रोज तिथून सायकलनं यायचे. किडकिडीत, पांढरा हाफशर्ट, कानामागे पेन्सिल आणि हॅंडलला जुन्या पॅंटची शिवलेली पिशवी. आडनाव घराण्याचं होतं, धंद्याचं नव्हे. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले. पण नवीन माणूस हटकून विचारायचा आणि सर प्रत्येकाला पहिल्यांदाच विचारल्यासारखं हसून उत्तर द्यायचे. घरून लवकर निघूनही ते शाळेत ऐन घंटेलाच पोचायचे, कारण वाटेत कुठं ना कुठं सायकल आडवी टाकून काहीतरी बघत बसलेले असायचे. एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर त्यांनीच काढलेलं बुद्धाचं चित्र होतं, डोळे मिटलेलं. मी तारीफ केली, तर म्हणाले की उघड्या डोळ्यांनी पाहणं थोडंफार जमते, डोळे मिटून पाहणं मात्र अजून जमून नाही राहिलं.

पहिल्याच वर्षी मी त्यांना विज्ञानाच्या खोलीसाठी तक्ते काढायला सांगितले आणि पुस्तकातली पानं उघडून समोर ठेवली. त्यांनी पुस्तक मिटलं. "वस्तू आणा जी, सर. पुस्तकातलं चित्र म्हणजे दुसऱ्यानं पाहिलेलं. मी कायले दुसऱ्याच्या डोळ्यानं पाहू?"

मग बेडूक आला, जास्वंद आली, भुईमुगाचं रोप मुळांसकट आलं. ते एकेका वस्तूपुढं तास-तासभर नुसते बसायचे आणि मग एका दमात चित्र काढायचे. खाली कोपऱ्यात तारीख टाकायचे. भागांकडं जाणाऱ्या बारीक रेघा ओढायचे आणि रेघेच्या टोकाशी जागा कोरी सोडायचे. नावं कधीच लिहायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पाहणं माझं, नावं तुमची." त्यांनी सोडलेल्या जागेत मी शाईनं नावं लिहायचो. तक्त्याची तारीफ व्हायची तेव्हा माझ्या अक्षराची कधी झाली नाही.

२००१ मध्ये शाळेची सहल कचारगडची गुहा बघायला गेली. गुहेची माहिती मी आठ दिवस खपून तयार केली होती. गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा माझ्यामागे सात पोरं होती, आणि त्यातलीही दोन दमलेली, पण माझ्या धाकानं मागे न राहिलेली. बाकीची तीस खाली, अर्ध्या चढावर रंगारी सरांभोवती. कुठल्यातरी वेलीपुढं सर उकिडवे बसले होते आणि पायथ्याच्या गावातली एक म्हातारी त्यांना त्या वेलीला गोंडीत काय म्हणतात ते सांगत होती. सर एकेक शब्द तिच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेत होते. मी सात पोरांना अख्खं भाषण दिलं. नंतर सहलीवर निबंध लिहायला सांगितला तर सदतीसपैकी तीस वह्यांत वेल होती, गुहा एका ओळीत. ते निबंध मीच तपासले, आणि वेलवाल्यांना मुद्दाम कमी मार्क दिले.

आता सुरूबद्दल सांगायला हवं. नववीच्या विज्ञानात वनस्पतींचे दोन मोठे गट होते. एक, फुलं येणाऱ्या, ज्यांचं बी फळाच्या पोटात असतं. दुसरा, फुलं न येणाऱ्या, ज्यांचं बी शंकूच्या खवल्यांवर उघडं असतं. यात देवदार, पाईन वगैरे सूचिपर्णी वृक्ष, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं. पहिल्या गटासाठी खिडकीबाहेर हात घातला तरी उदाहरण सापडायचं. दुसऱ्यासाठी अख्ख्या जिल्ह्यात देवदार कुठून आणायचा? मी रोपवाटिकेतून सुरूचं रोप आणलं आणि पहिल्याच पावसाळ्यात ऑफिससमोर लावलं. सुईसारखी पानं, शंकूसारखी बोंडं, आणि उंच सरळ वाढणारं झाड. पुस्तकातल्या वर्णनात बरोबर बसत होतं. झाड भराभर वाढलं. तीन वर्षांत छपराला लागलं. माझी पहिली नोकरी आणि माझं पहिलं झाड, दोन्ही जोमात आहेत असं मला वाटायचं.

शाळेच्या आवारात वीसेक झाडं होती, प्रत्येकावर पत्र्याची पाटी होती आणि पाट्या अर्थातच रंगारी सर रंगवायचे. त्यांनी माझ्या सांगण्यावरून सुरूवरही लावली: 'सूचिपर्णी वृक्ष. फुले येत नाहीत.' दरवर्षी परीक्षा संपल्या की उन्हाळ्यात सर वीसच्या वीस पाट्या नव्यानं रंगवायचे, तेवढं काम सुट्टीतही येऊन करायचे.

पोरांचा सुरूशी एक खेळ होता. त्याची सुईसारखी हिरवी काडी मधूनच ओढून तोडायची, पुन्हा तशीच बसवायची आणि दुसऱ्याला विचारायचं की कुठून तोडलं सांग. जोड दिसतच नाही. एक दिवस रंगारी सर तसली काडी घेऊन स्टाफरूममध्ये आले. हेडमास्तर बिसेन सर होते, आणखी चार-पाच जण होते. सरांनी काडी माझ्यापुढं धरली आणि कुठून तोडलं ते सांगा म्हणाले. मी पेपर तपासत होतो. म्हटलं, सर, वेळ नाही. ते हलले नाहीत.

"ह्याले सांधे आहेत जी, बोटाबोटावर. देवदाराच्या पानाले असे सांधे राहतात का?"

मी वर न बघता म्हणालो, "सर, तुम्ही चित्रं काढा. शास्त्र आमच्याकडं राहू द्या."

दोघं-तिघं हसले. रंगारी सर "बरं" म्हणाले आणि काडी खिशात ठेवून निघून गेले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. निदान एका ठिकाणी तरी आपण त्यांच्या वर आहोत, असं वाटून मी घरी जाताना जिलेबी घेऊन गेलो.

त्या जूनमध्ये शाळा उघडली तर एकोणीस पाट्या चकचकीत आणि माझ्या सुरूची तेवढी जुनीच. विचारलं, तर रंग सरला म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा म्हणाले की पत्रा जंगला आहे, रंग धरत नाही. तिसऱ्या वर्षी मी बिसेन सरांकडं तक्रारच केली. बिसेन सर मला म्हणाले, "काऊन एवढं मनाला लावून घेता? पाटीच आहे ना." तरी त्यांनी रंगारी सरांना सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि त्याही उन्हाळ्यात एकोणीसच पाट्या रंगवल्या. मी मनाशी पक्कं केलं की स्टाफरूममधल्या त्या बोलण्याचा हा सूड आहे. एवढा साधा दिसणारा माणूस मनात अढी धरतो, हे पाहून मला वाईटही वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. त्यांच्यात काहीतरी खोट सापडली होती.

माझी एक विद्यार्थिनी होती, करुणा. अशी मुलगी दहा वर्षांतून एकदा वर्गात येते. मी तिला 'माझी' समजायचो. २००७ च्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही विषय घेतला, एक रानफूल आणि एक सूचिपर्णी वृक्ष यांची तुलना. रानफूल कुठलं घ्यायचं ते मी करुणावर सोडलं आणि ती रंगारी सरांकडं जाऊन तरोटा घेऊन आली. तरोटा! रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, जिथं नको तिथं उगवणारा. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते, रंगारी सरांच्या डब्यात तर दर आठवड्याला असायची, आणि मी ती चवीनं खाल्लेलीही आहे. पण प्रदर्शनात? माझ्या डोक्यात एका बाजूला माझा उंच सुरू होता आणि दुसऱ्या बाजूला हा गुडघाभर तण. एका परीनं मला ते आवडलंही. दोघांमधला फरक कुणालाही दिसला असता. सुरू म्हणजे कोण आणि तरोटा म्हणजे कोण, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

तरोट्याचा तक्ता सरांनी भाद्रपदातच काढून दिला. पिवळं फूल, पाचही पाकळ्या एकमेकींहून जरा वेगळ्या, विळ्यासारखी लांब शेंग. एक पान दुपारचं उघडलेलं आणि तेच पान संध्याकाळचं मिटलेलं. तरोट्याची पानं संध्याकाळी मिटतात, हे इतकी वर्षं त्याच रस्त्यानं जाऊनही मला माहीत नव्हतं. सुरूचा तक्ता मात्र होईना. आज करतो, उद्या करतो. दिवाळी झाली, प्रदर्शन आठ दिवसांवर आलं. मी करुणासमोरच त्यांना नको ते बोललो. माझं नाव पुढं जाताना तुम्हाला बघवत नाही, असंही म्हणालो. हे वाक्य नेमकं कुणाला लागू होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

ते आपल्या तासाला निघून गेले. दोन दिवसांनी एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यांचा भाचा फौजेत होता, कुठंतरी पहाडात. सुट्टीवर येताना त्यानं पाईनची सुकी फांदी आणि दोन मोठे शंकू आणले होते. शेजारी तक्ता होता, सुया, खवले, खवल्यावरचं उघडं बी. "मी ह्याचं काढलं जी, सर. सुरू राहू द्या. परीक्षकाले नवीन काही दिसल."

नाही म्हणायला वेळच उरला नव्हता. रागारागानं मी नावं लिहिली आणि आम्ही प्रदर्शनाला गेलो.

परीक्षक एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, हिंदी बोलणारे. तरोट्याच्या मिटलेल्या पानापाशी ते बराच वेळ थांबले. करुणानं न अडखळता सगळं सांगितलं. जाता जाता ते माझ्या कानाशी आले आणि हसून म्हणाले, "अच्छा हुआ सर, आप सुरू नहीं लाए. हर साल तीन-चार स्कूल सुरू ही उठा लाते हैं. वो तो फूलवाला झाड़ है."

मी हसलो. आपल्यालाही हे माहीतच होतं, असं दिसेल इतपत हसलो. सुरूला फुलं येतात. जिला मी सुई म्हणत होतो ती पान नसून डहाळी. शंकू म्हणत होतो ते फळांचं बोंड. आठ वर्षं मी पोरांना उलटं शिकवलं होतं. सुरू आणि तरोटा एकाच गटातले निघाले होते.

आम्हाला पहिला नंबर मिळाला. शाळेत सत्कार झाला, हार माझ्या गळ्यात पडला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत रंगारी सर सगळ्यांत पुढं होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. पाईन त्यांनी योगायोगानं आणला, भाचा सुट्टीवर आला म्हणून आणला, असं मी स्वतःला समजावलं. जाणूनबुजून आणला असेल तर? मग या माणसानं मला वाचवलं होतं, आणि हेवा वाटतो त्याच माणसानं वाचवावं यापरतं जड काही नसतं. प्रदर्शनाहून परत आल्यावर मी पहिल्यांदा सुरूजवळ गेलो होतो, ती पाटी काढून टाकायला. पाटी वाचताच येत नव्हती. चार उन्हाळे आणि चार पावसाळे खाऊन अक्षरं पार उडाली होती. रंगवली नाही तेच बरं झालं, असं म्हणून मी हात मागे घेतला. त्यापुढं काही सुचलं नाही, किंवा सुचू दिलं नाही.

वर्गात मी गुपचूप शिकवणं बदललं. करुणानं पुढं वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पेढे घेऊन आली तेव्हा आधी चित्रकलेच्या खोलीत गेली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. तोवर सेवाज्येष्ठतेनं मी हेडमास्तर झालो होतो. पेढा मलाही मिळाला.

रंगारी सर २०१२ च्या ऑगस्टअखेर निवृत्त झाले. निरोपाचं भाषण हेडमास्तर म्हणून मलाच करायचं होतं. प्रदर्शनाची गोष्ट सांगायची आणि खरं काय ते सगळ्यांसमोर बोलायचं, असं मी ठरवून उभा राहिलो. बोललो भलतंच. कर्तव्यनिष्ठ, मनमिळाऊ, शिस्तप्रिय. शिस्तप्रिय म्हटल्यावर सरांनाच हसू आलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद माझ्या हातात दिला, बिस्किटाचा डबा पिशवीत टाकला आणि सायकल काढली.

ते फाटकाबाहेर गेल्यावर मी कागद उघडला. सुरूची डहाळी होती. एकेक सांधा, सांध्यावरची खवल्याएवढी खरी पानं, टोकाशी तुरा, बाजूला बारीक लाल फुलांचा गोंडा, आणि बोंड. चुकलेली एक रेघ तशीच होती, शेजारी बरोबर रेघ. भागांकडं जाणाऱ्या सहा रेघा आणि सहा कोऱ्या जागा. कोपऱ्यात तारीख होती, मार्च २००४. ज्या महिन्यात मी त्यांना स्टाफरूममध्ये हसण्यावारी नेलं होतं, तोच महिना. ज्या उन्हाळ्यात पाटी पहिल्यांदा रंगवली नाही, तेच वर्ष.

ते मला चार लोकांत खोटं पाडू शकले असते. पाटी काढून टाकली असती तरी चर्चा झाली असती. खोटं पुन्हा स्वतःच्या हातानं रंगवणं त्यांच्याच्यानं झालं नाही, म्हणून त्यांनी ते नुसतं उन्हापावसात राहू दिलं. आणि मी दरवर्षी तक्रार करत होतो.

मी तसाच फाटकाकडं गेलो. ते लांब गेले नव्हते. रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून तरोट्यापुढं उकिडवे बसले होते, तरोटा पिवळ्या फुलांनी भरला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तेरा वर्षांत जे एकदाही बोलता आलं नव्हतं ते कसंबसं बोललो.

"सर, सुरूला फुलं येतात."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर सूड नव्हता, सुटकाही नव्हती. एखाद्या पोरानं पहिल्यांदा नीट रेघ काढल्यावर होतो तेवढा आनंद होता.

"पाहिली का तुमी?"

मी कागद हातात धरून उभा होतो. प्राध्यापकांकडून ऐकलं होतं, नंतर पुस्तकात वाचलं होतं, आता चित्रात बघितलं होतं. झाड ऑफिससमोर होतं, माझ्या खुर्चीतून दिसायचं.

"नाही," मी म्हणालो.

"मार्चात पाहा. बारीक राहतात, लाल. घाई नोका करू." एवढं बोलून ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली आणि सायकलवर बसले.

पुढच्या मार्चात मी पाहिली, आणि त्या सहा जागा मग भरल्या. पण रंगारी सर म्हटलं की मला तो ऑगस्टच आठवतो. ते मुर्रीच्या दिशेनं निघाले, वळणापर्यंत गेले आणि वळणावर पुन्हा थांबले. सायकल आडवी टाकली आणि कडेला कशापुढं तरी बसले. आमच्यात शंभरेक पावलांचं अंतर होतं. आभार मानायला मी पुन्हा तिथवर जायला हवं होतं. पण कागद छातीशी धरून मी जागच्या जागी उभा राहिलो, आणि आता आणखी काय दिसलं असेल या माणसाला, या विचारानं पुन्हा जळलो.